तेलाच्या डब्यातल्या अकरा शिंगट्या

४ ऑगस्ट, सोमवार. मेहकर

बाहेरच्या लॅबचा मेल आला. बावन्न माशांच्या जनुकांची अक्षरं, एका फाइलीत. दुपारी बी.एस्सी. दोनला गांडूळ शिकवलं, डोकं मात्र फाइलीतच. संध्याकाळी उघडली.

पै-१४, पै-१५, पै-१६ चुकलेत. मासे पैनगंगेचे, अक्षरं पूर्णेची. साडेसहाशे अक्षरांत एकाचाही फरक नाही.

असं कसं होईल? घाटाखालचं पाणी पूर्णेला, तिथून तापीला. घाटावरचं पैनगंगेला, तिथून गोदावरीला. जिल्हा एक असला तरी मासे काही घाट चढत नाहीत. दोन्हीकडची पट्ट्यांची शिंगटी दिसायला सख्खी बहीण: मिशा, काळे पट्टे, पाठीवर काटा. शहरांतल्या काचेच्या टाक्यांत शोभेला दोन्ही जातात. आतून घराणी निराळी. सात वर्षांचा माझा थीसिस त्या निराळेपणावर उभा आहे, आणि हे तीन मासे मध्येच...

थकलो. उद्या बघू.

५ ऑगस्ट

चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असणार. चाचांना बोललो. रहीमचाचा, आमचे लॅब अटेंडंट, निवृत्तीला वर्ष राहिलंय. माशाच्या पराचा तुकडा कापतो मी. तो अल्कोहोलच्या कुपीत टाकून चिठ्ठी लावतात ते. जरा जास्तच बोललो. मुलं समोर होती.

"सर, सव्वीस वर्षं झाली चिठ्ठ्या लावून राह्यलो. मेंडकाच्या बरणीवर साप लिहिला का कधी?"

नाही लिहिला. तरी मी माझंच रेटत राहिलो. संध्याकाळी लॅबची किल्ली हातात न देता टेबलावर ठेवून गेले.

९ ऑगस्ट, शनिवार

पुन्हा नमुने. ते तिन्ही मासे एकाच गावचे, हिवरा आश्रमाच्या अलीकडचं, नाला जिथे पैनगंगेला मिळतो तिथलं. हरी जाळं टाकतो, त्याची आई गयाबाई मासे निवडून बाजारात बसते. पट्ट्यावाल्या शिंगट्या ती माझ्यासाठी बाजूला काढून ठेवते, घमेल्यात. सात वर्षं ठेवतेय. बाई साठीच्या पुढची, फार बोलत नाही.

घाईत हात घातला. अंगठ्यात काटा. कोपरापर्यंत ठणका.

गयाबाई म्हणाली, "मास्तर, मुंडक्याकून धरा लागते. कितीदा सांगू."

फॉर्म भरला. नदी: पैनगंगा. जाळं: फेकजाळं. मासेमाराचे नाव: हरी. चार तुकडे कापले. चिठ्ठ्या स्वतः लावल्या, डाव्या हाताने.

१० ऑगस्ट

अंगठा टम्म. सुनंदाने हळद बांधली. म्हणे, "मासोळीनंही ओयखलं तुमाले, हा मास्तर परमनंट नाई म्हनून." हिचं माहेर वडनेर भोलजी, घाटाखालचं, जीभ तिकडचीच राहिली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली.

२२ ऑगस्ट, पोळा

बैलांना आज सुट्टी आणि पुरणपोळी. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला नुसती सुट्टी. चव्वेचाळिसावं सरतंय. पीएच.डी. झाली तर पुढच्या मुलाखतीला उभा राहू शकतो. मुदतवाढ शेवटची आहे, २८ नोव्हेंबर. त्यानंतर नोंदणी रद्द. हे रोज स्वतःला सांगावं लागू नये, पण सांगतो.

१ सप्टेंबर, सोमवार

नव्या चार माशांचे निकाल. तेच. अक्षर न अक्षर पूर्णेचं.

आणि पूर्णेतही ती अक्षरं सगळीकडे नाहीत. फक्त पू-९ ला. वरवट बकालच्या खालच्या अंगाला नदी वळते, तिथलं एक गाव. दुसरीकडे कुठेच नाही.

म्हणजे चिठ्ठ्या बरोबर होत्या. चाचा बरोबर होते. त्यांना सांगायला हवं. आज नाही सांगितलं. ते रजेवर नव्हते, समोरच होते.

२ सप्टेंबर

गाइडसरांना फोन. ते केवढे खूश! "अहो, ही तर प्राचीन जोडणी! एके काळी दोन्ही नद्यांची मुळं एकमेकींना मिळत असणार. हेच तुमचं पाचवं प्रकरण."

मी म्हटलं, सर, पण हजारो वर्षं झाली असतील तर एखादं तरी अक्षर बदलायला हवं होतं.

"हा जीन सावकाश बदलतो. लिहा तुम्ही. शोधनिबंध मी पाठवतो."

पहिलं नाव त्यांचं. ते ठरलेलंच असतं.

लिहायला बसलो. तीन ओळी झाल्या, आणि अंगठा अजून दुखतो.

१४ सप्टेंबर, रविवार

प्रकरण ५, पानं अकरा. वाचताना माझं मलाच पटत नाही, पण इंग्रजी बरं झालंय.

सुनंदा लसूण सोलत होती. विचारलं, "काय शोधलं एवढं?" सांगितलं. मायटोकाँड्रिया म्हणून पेशीत एक वस्तू असते, तिच्यातली अक्षरं फक्त आईकडून येतात. आईकडून लेकीला, लेकीकडून तिच्या लेकीला. मुलाला मिळतात, पण त्याच्याकडून पुढे जात नाहीत. म्हणून घराणं शोधायला बरी पडतात.

"म्हंजे सासूबाईनं तुमाले देल्ले ते तुमच्यापाशीच सपले?"

"संपले."

"बरं झालं," म्हणाली आणि लसूण सोलत राहिली.

२४ सप्टेंबर

ताप. तास घेतले. घेतले नाहीत तर तासाचे पैसे नाहीत.

५ ऑक्टोबर, रविवार

हे नीट लिहून ठेवायला हवं.

सुनंदाला हिवरा आश्रमाला जायचं होतं. स्कूटरवर निघालो. येताना गयाबाईकडे थांबलो, मला शेवटचे फोटो हवे होते. मी मासे मांडत होतो, त्या दोघी ओट्यावर बसल्या. सुनंदाच्या बोलण्यावरून बाईने ओळखलं.

"तू खालची दिसतं वो पोरी."

"हाव ना. वडनेरची. तुमचं माह्यर?"

"मीबी खालचीच. पूर्नाकाठची. वरवट बकालच्या अंगाले." आणि गावाचं नाव घेतलं.

वही काढायची गरज नव्हती. पू-९.

मी फोटो काढायचं सोडलं. सात वर्षं ह्या बाईच्या घमेल्यातून मासे उचलतोय. कुठली तू, हे कधी विचारलं नाही. फॉर्मवर तसा रकानाच नाही. मासेमाराचे नाव: हरी.

विचारलं, गयाबाई, तिकडून कधी मासे आणले होते का?

बाई हसली. "तुमाले कोनं सांगतलं?"

मग जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत, आठवेल तेवढं:

"लगन झालं त्याच साली सासऱ्यानं नवी हीर खांदली. हिरीत जीव सोडा लागते, नाई तं पान्यात किडे पडते. मायनं म्हनलं, जीव मी देतो. तेलाचा डबा घेतला, खिळ्यानं झाकनाले भोकं पाडले. नदीत उतरली, अकरा शिंगट्या धरल्या. मी मांडीवर डबा घेऊन आलो एसटीत. खामगावले गाडी बदलली. सहा जित्या पोचल्या."

खारपाणपट्ट्यातली सून. सासू म्हणाली, "पोर खारी अन् मासेबी खारे, माह्या हिरीचं पानी नासवशीन." तरी सासऱ्याने सोडू दिल्या. वर्षभराने पिल्लं दिसायला लागली. ही पाण्याला गेली की भाकरीचा कुटका टाकायची. माहेरी जाणं वर्ष-दोन वर्षांतून एकदा. पाच-सहा वर्षांनी पूर आला, नाल्याचं पाणी विहिरीत शिरलं, काठ ढासळला, विहीर बुजली.

"सासू म्हने, मेले तुह्ये मासे, सुटलो. मी रडलो त्या रोजी. माय तवा नुकतीच गेली होती. मंग सोडून देल्लं."

आम्ही चहा घेतला.

स्कूटरवर सुनंदा मागून, "ते मासे हेच ना?"

"हेच."

"मंग सांगतलं काऊन नाई तिले?"

रस्त्यात खड्डे होते. खड्ड्यांकडे लक्ष आहे असं दाखवलं.

६ ऑक्टोबर

जुन्या वह्या काढल्या. पै-१ ते पै-१३ नाल्याच्या वरचे: सगळे पैनगंगेच्या घराण्याचे. पै-१४ पासून नाल्याच्या खालचे: पूर्णेचे. म्हणजे नाल्याच्या तोंडापासूनच सुरुवात आहे. हे माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात होतं. नदीला विचारत बसलो, बाईला नाही.

प्राचीन जोडणी वगैरे काही नाही. एसटी, तेलाचा डबा आणि मांडी.

८ ऑक्टोबर

सरांना सांगितलं. आधी हसले. मग, "एका मासेवालीच्या आठवणीवर तुम्ही प्रबंध पाडणार?"

म्हटलं, आठवण एकटी नाही सर. गाव जुळतं, अक्षरं जुळतात, नाला जुळतो.

"निबंध स्वीकारला गेलाय. आता मी काय लिहून कळवू, डबा?" थोडं थांबून, गोड आवाजात, "आणि प्रमाणपत्रावर सही माझी लागते, एवढं लक्षात असू द्या."

लक्षात आहे. सात वर्षं तेच तर लक्षात ठेवलंय.

११ ऑक्टो.

काही केलं नाही. पेपर तपासले.

१५ ऑक्टो.

बाजारात गयाबाई दिसली. मी पलीकडच्या गल्लीने गेलो. लाज वाटली, तरी गेलो.

२३ ऑक्टोबर. वडनेर भोलजी

दिवाळीला सासुरवाडीला. सासूबाईंनी सुनंदाच्या पिशवीत पापड, ज्वारीच्या पिठाचा डबा, मिरच्या, लोणचं, आणि दरवर्षीप्रमाणे एक बाटली विहिरीच्या पाण्याची भरली. पाणी कशाला, दरवर्षी मी म्हणतो. या वर्षी म्हटलं नाही. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं.

बाटली एसटीत माझ्या मांडीवर होती.

२ नोव्हेंबर, रविवार

गेलो. एकटाच. गयाबाई घमेल्यात मासे निवडत होती. उभ्याउभ्याच सांगून टाकलं, नाही तर पुन्हा राहिलं असतं. म्हटलं, बाई, तुमच्या आईने दिलेले मासे मेले नाहीत. पूर आला तेव्हा नाल्यातून नदीत गेले. आता खाली जे सापडतात ते त्यांचेच.

हात घमेल्यातच राहिला.

"जित्या हायेत?"

"त्यांच्या लेकींच्या लेकी."

"यातल्या कोनत्या?"

म्हटलं, वरून ओळखू येत नाही. पण तुमच्या या काठावरच्या, नाल्याखालच्या, आजवर पाहिल्या तेवढ्या सगळ्याच.

बराच वेळ ती घमेल्याकडे बघत होती. एक उचलली, डोक्याकडून धरून, जसं मला सांगते तसं. उलटीसुलटी पाहिली. पदराने डोळे पुसले आणि त्याच हाताने परत पाण्यात सोडली.

"चाळीस वर्स मी ह्याच इकून राह्यलो. इकल्या अन् खाल्ल्याबी." मग हसायला लागली, खूप हसली. "सासू पायजे होती आज."

मी हे कसं शोधलं ते तिने विचारलं. आईची अक्षरं लेकीला, तिची तिच्या लेकीला, एवढंच सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "अन् हे काढाले तुमाले सात वर्स लागले?"

लागली बाई.

निघताना हाक मारली. "मास्तर, पुस्तकात लिवनार ना हे?"

"काय लिहू?"

"मायचं नाव. तुळसा. मासे तिनं धरले, भोकं तिनं पाडले. मी नुसता डबा धरला."

हो म्हणालो. म्हणून बसलो. आता काय?

३ नोव्हेंबर

पाचवं प्रकरण नव्याने. सहाच पानं झाली. निष्कर्ष लहान झाला: माणसाने नेलेले मासे, चाळीसेक वर्षांपूर्वी, एका विहिरीतून. सात वर्षांच्या कामाचं एवढंच निघालं. मन लागत नाही. तरी या सहा पानांतलं एकही वाक्य मला खोडावंसं वाटलं नाही, हेही खरं.

१० नोव्हें.

सरांना नवं प्रकरण मेल केलं. उत्तर नाही.

१४ नोव्हें.

उत्तर नाही. फोन उचलत नाहीत. कार्यालयातून निरोप: पूर्ण प्रत सहीसह २८ ला पाचपर्यंत, एक मिनिट उशीर नको.

१७ नोव्हेंबर, सोमवार

चाचांची माफी मागितली. मुलांसमोर बोललो होतो, म्हणून मुलांसमोरच. सगळ्यांना सांगितलं की चिठ्ठ्या बरोबर होत्या, मी चुकलो होतो.

चाचा म्हणाले, "सर, हे मला ऑगस्टमध्येच माहीत होतं. तुम्हाला नोव्हेंबर लागला." सगळे एकाच सुरात बोलायला लागलेत.

मग विचारलं, आता त्या जुन्या प्रकरणाचं काय करता? अकरा पानं, एका बाजूने कोरी. म्हटलं, ठेवा, चिठ्ठ्या कापायला होतील. लगेच कात्री घेऊन बसले. मी पाहत होतो. 'प्राचीन जोडणी' असलेलं पान चार पट्ट्यांत गेलं. संगणकात प्रत आहेच, मनात म्हटलं. संध्याकाळी घरी येऊन तीही पुसली.

भीती वाटतेय, ते वेगळं.

२५ नोव्हेंबर

सुनंदाने विचारलं, "सही नाई केली तं?"

"तर नाही झालो डॉक्टर."

"मंग तासिका?"

"त्या आहेतच, ठेवल्या तोवर."

मग म्हणाली, "त्या बाईले हो म्हनून आले तुमी." आणि माझ्या शर्टाला इस्त्री करायला घेतली. रविवारची नाही, मुलाखतीची इस्त्री, बाह्यांना कडक.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. विद्यापीठाच्या गावी

पहाटेच्या गाडीने आलो. सरांच्या घरी ओसरीवर बसलोय. सरांच्या पत्नी पाणी देऊन गेल्या. म्हणाल्या, पूजेत आहेत, बसा. मेल वाचला का त्यांनी, विचारावंसं वाटलं, विचारलं नाही.

प्रबंध मांडीवर. जड आहे. पान १३७ मध्ये बोट घालून बसलोय, उघडून दाखवायला सोपं जावं म्हणून. तिथे ओळ आहे: मासे तुळसाबाईंनी पकडले व लेकीसोबत पाठवले, डबा गयाबाईंनी आणला. मागच्या परिशिष्टात नमुन्यांचे फॉर्म. मासेमाराचे नाव: हरी. तिथे आता हरीच्या शेजारी गयाबाई लिहिलंय, सात वर्षांच्या सगळ्या फॉर्मवर, पेनाने. बाइंडर कुरकुरला होता.

सही केली तर उद्या पाचच्या आत जमा. नाही केली तर परतीची गाडी दुपारी दीडला आहे, खामगावला बदलावी लागते.

अंगठा थंडीत अजून ठणकतो.

आत घंटा वाजली. आरती संपली असावी. चपलांचा आवाज, इकडेच येतोय...